मास्कचा पट्टा

तेल कंपनीत नव्यानं भरती झालेल्या पोरांकडून सर रोज एकच गोष्ट घोकून घ्यायचे. "टाकीत कुणी पडलेलं दिसलं, तरी मास्क नीट बांधल्याशिवाय उतरायचं नाही. आतल्या वायूनं दोन श्वासांत माणूस आडवा होतो. मग खाली सख्खा बाप का असेना!" यावर सगळे सरांच्या मुलीकडे बघून हसायचे. तीही याच तुकडीत होती.

आज सराव होता. टाकीच्या तळाशी माणसाएवढी डमी ठेवायची आणि पोरांनी ती वर काढायची. डमी ठेवायची जागा बघायला सर आधी एकटेच उतरले. "सकाळीच तपासलीय रे," म्हणत मास्क शिडीलाच अडकवून गेले.

बराच वेळ ते आले नाहीत, तेव्हा मुलीनं आत बॅटरी मारली. तळाशी कुणीतरी पालथं पडलं होतं.

"सरांनी डमी काय झकास झोपवलीय!" तिच्या खांद्यावरून डोकावत एकजण हसला.

तिनं मागे वळून पाहिलं. डमी अजून बाहेरच भिंतीला टेकून बसलेली होती.

"बाबा!" तिचा पाय शिडीवर गेला. आतून फक्त तिचीच हाक घुमून परत आली.

"अलार्म दाबा!" ती ओरडली. मग तिनं पाय मागे घेतला, शिडीला अडकवलेला त्यांचाच मास्क काढला आणि एकेक पट्टा आवळू लागली. त्यांनी शिकवलं होतं तसं, घाई न करता.