चिंच आणि मीठ

दर महिन्यासारखी, जुने अडकित्ते जमवणारी नवऱ्याची मंडळी घरी जमली होती. जो तो आपली नवी खरेदी रुमालातून काढून मिरवत होता. पोह्यांच्या बशा मांडताना कुमुदच्या कानांवर तेच पडत होतं, वीस वर्षं पडत आलेलं: जुनं पितळ घासायचं नाही, काळसर झाक गेली की वस्तू भंगारात जमा.

शेवटी नवरा उठला. “आता माझा बघा! घोड्याच्या तोंडाचा, पणजोबांच्या काळातला. हिची आई गेली, तिची समई तेवढी देवघरात तेल पीत बसली होती. ती बाजारात दिली आणि हा उचलला.”

सगळे हसले. कुमुदही हसली. देवघरातली रिकामी जागा तिने परवाच पाहिली होती.

त्याने मखमल उलगडली आणि हसू जागच्या जागी विरलं. अडकित्ता कालच घडवल्यासारखा लखलखत होता.

“वहिनी, घासलात?” कुणीतरी मयताला आल्यासारखं विचारलं.

“हो, चिंच-मीठ लावून. पाहुण्यांपुढे कळकट कसा ठेवायचा?”

“बिचाऱ्यांना काय कळणार!” मंडळी हळहळली. नवऱ्याने अडकित्ता पुन्हा मखमलीत गुंडाळला.

त्याच्या हातात चहाचा कप देत कुमुद हळूच म्हणाली, “आईची समई याहून लखलखायची.”