परकेपणाचे गुण

समाजात कोणाला किती परकं वाटतं, हे मोजायला मयुरी कोराडीच्या कोळशावरच्या वीज केंद्राजवळच्या वस्तीत मोबाइलवर दहा प्रश्न घेऊन फिरत होती. ज्यांचे गुण जास्त येतील, त्यांच्या घरी वर्षभर दर आठवड्याला कोणीतरी गप्पा मारायला येणार होतं.

गोदूबाईंच्या ओट्यावर, केंद्रातून उडणाऱ्या राखेविरुद्ध मोर्चा काढणाऱ्या पंधरा बायका बसल्या होत्या. सरकार तुमचं ऐकतं का? "नाही." अधिकाऱ्यांवर विश्वास आहे का? "बिलकुल नाही!" प्रत्येक 'नाही'ला ओट्यावर टाळ्या पडत होत्या. गोदूबाईंचे गुण आले दहापैकी दहा.

"म्हंजे मीच एकटी पडली काय वं?" गोदूबाई हसत सुटल्या. "अन् हे दर हप्त्याले कोण येईन? मले बसाले तरी टाइम आहे काय!"

शेजारच्या सुभद्राबाईंनी घरातल्या दुसऱ्या खुर्चीवरची राख पदरानं पुसली आणि मयुरीला बसवलं. नवरा गेलेला, मुलगी कॅनडात. सरकार ऐकतं? "ऐकते ना." मत देता? "दरवेळी." दहाही उत्तरं सरकारच्या बाजूची, म्हणून गुण शून्य. एकटं वाटतं का, हा प्रश्न फॉर्ममध्ये नव्हताच.

"तुमचं नाव यादीत येत नाही, आजी. तुमचं सगळं छान आहे म्हणतो हा फॉर्म," मोबाइल पर्समध्ये टाकत मयुरी उठली.

सुभद्राबाईंनी तिचा हात धरला.



"सांग ना वं पोरी, काय उत्तर देलं असतं तं तू पुन्हा आली असती?"