पहिल्या गुरुवारचं गिऱ्हाईक

"रंगराव, सुई बोटात शिरलीय तुमच्या," अनुसूया म्हणाली.

रंगरावांनी खाली पाहिलं. हातशिलाईची सुई करंगळीच्या कडेला रुतली होती आणि ब्लाऊजच्या पांढऱ्या अस्तरावर रक्त पसरत होतं. त्यांना काहीच कळलं नव्हतं.

"शिंप्याच्या हाताला सवय असते," ते म्हणाले.

अनुसूयाने त्यांना डोळे मिटायला सांगितलं. बॉलपेनचं टोक ती करंगळीला, मग तळहाताच्या कडेला लावत गेली. "कुठे लावलं, सांगा."

रंगराव वाट बघत राहिले. तिने अजून सुरुवातच केली नाही असं त्यांना वाटत होतं.

म्हैसूरच्या त्या गल्लीत ती ब्लाऊज शिवायला टाकायला आली होती, पण तिची नोकरी होती सरकारी कुष्ठरोग नियंत्रण केंद्रात. दोन दिवसांनी केंद्रातल्या डॉक्टरांनी तिची शंका खरी ठरवली. पाठीवरचे चट्टे रंगरावांनी स्वतः कधी पाहिलेच नव्हते.

"चोवीस महिने गोळ्या," अनुसूया म्हणाली. "एकही महिना चुकवायचा नाही. बोटं वाकायच्या आत सापडलात, हे नशीब समजा."

"मला इथे येणं जमणार नाही," रंगराव म्हणाले. "दारात कुणी पाहिलं तर दुकानात माणूस फिरकणार नाही. मोठ्या मुलीचं हुणसूरला जमत आलंय. आणि बायको..."

"मग मी येते. गिऱ्हाईक म्हणून."

"सोयराबाईला कळता कामा नये, अक्का."

"माझ्याकडून कुणाचं काही कुणाला कळत नाही. घरच्यांना मात्र तपासावं लागेल. ते मी माझ्या पद्धतीने करीन."

महिन्याच्या पहिल्या गुरुवारी ती यायची. केंद्राचं नाव छापलेली पिशवी तिकडेच ठेवून, साधी कापडी पिशवी घेऊन. पिशवीत कधी ब्लाऊजपीस, कधी परकराचं कापड, कधी उसवलेली उशीची खोळ, आणि तळाशी गोळ्यांचं पाकीट. महिन्याची पहिली मात्रा तिच्यादेखत घ्यायची असे. रंगराव कपाटाकडे तोंड करून गोळ्या गिळत. मग ती आत सोयराबाईकडे जाई, कधी माप द्यायला, कधी कॉफी प्यायला. बायकांची मापं सोयराबाईच घ्यायची.

एकदा बसचा संप होता. आज काही ती येत नाही, असं रंगराव धरून चालले होते. दुपार उलटल्यावर ती आली. वरुणा गावातलं काम आटोपून निम्मी वाट चालली होती, उरलेली एका दूधवाल्याच्या गाडीवर बसून.

"एवढं कशाला, अक्का?"

"एकही महिना चुकवायचा नाही, असं मीच सांगितलंय ना," ती म्हणाली आणि बसून पाय चोळू लागली.

गोळ्यांनी रंगरावांचा चेहरा काळवंडला. "किती काळे पडलात हो," एकदा सोयराबाई म्हणाली. "ऊन," ते म्हणाले. दिवसभर छपराखाली मशीनवर बसणारा माणूस. तिने पुढे काही विचारलं नाही.

मुलीचं लग्न ठरलं, पार पडलं. तिची पोलकी रंगरावांनी स्वतः शिवली. अक्षता टाकायला अनुसूया आली होती. मांडवात ती कोण, हे कुणी विचारलं की सोयराबाईच सांगायची, "आमचं जुनं गिऱ्हाईक."

विसावा महिना संपला आणि सोयराबाई बदलली. तिने आपलं ताट-तांब्या वेगळं काढलं. अंथरूण स्वयंपाकघरात नेलं. रंगरावांनी कारण विचारलं तर म्हणाली, "सुम्मने हो, उगीच. काही नाही. उकाडा होतो."

पाऊस सुरू झाला, गारवा आला, तरी अंथरूण तिकडेच राहिलं. रंगराव काय ते समजले. एकवीस वर्षांच्या संसारात तिने कधी पाठ फिरवली नव्हती.

पुढच्या गुरुवारी त्यांनी अनुसूयाला सांगितलं. "तिला कळलंय. किळस येतेय माझी. गोळ्या सुरू केल्या की हा रोग दुसऱ्याला लागत नाही, हे तुम्हीच सांगितलंत. पण ते मी तिला कोणत्या तोंडानं सांगू?"

अनुसूयाने आतल्या दाराकडे एकदा पाहिलं. "तुम्ही तुमच्या गोळ्या बघा, रंगराव," ती म्हणाली. "घरचं मी बघते."

चोविसाव्या महिन्याचं पाकीटही संपलं. डॉक्टरांनी तपासून रोग गेल्याचं सांगितलं. करंगळी किंचित ताठ राहिली होती, पण सुई धरता येत होती, कात्री चालत होती. दुकानात अनुसूया आली तेव्हा रंगराव तिच्या पायांशी वाकले.

"अय्यो, काय करता हे." ती मागे सरली. "सरकार पगार देतं मला याचा."

"बसच्या संपात चालत यायचा नाही देत," रंगराव म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "हे हात तुमचे आहेत, अक्का. काय करू तुमच्यासाठी?"

"एक करा. सोयराबाईंना सगळं सांगा. आजच सांगा."

अनुसूया गेल्यावर त्यांनी दुकानाची फळी अर्धी ओढली आणि आत गेले. सोयराबाई ब्लाऊजला हूक लावत बसली होती. रंगराव तिच्यापासून दोन हात दूर बसले. तिला नको असेल म्हणून.

बोटात शिरलेल्या सुईपासून त्यांनी सगळं सांगितलं. डॉक्टर, चट्टे, गुरुवार, गोळ्या. महारोग हा शब्दही न चोरता उच्चारला. "तू वेगळी झालीस त्याचा मला राग नाही," ते म्हणाले. "मी लपवलं, चूक माझी. पण मी बरा झालोय. ती बाई देवासारखी आली म्हणून झालो. एवढंच सांगायचं होतं."

सोयराबाईचा हात मघाशीच थांबला होता. ती उठली आणि त्यांच्या अगदी जवळ येऊन बसली, कित्येक दिवसांनी.

"किती महिने घेतल्या गोळ्या?" तिने विचारलं.

"चोवीस."

"मला अक्कांनी सहाच महिन्यांच्या दिल्यात," ती म्हणाली. "चार झाले."