चौदा नंबरची डिश

चिठ्ठी निघाली आणि चौदा नंबरची डिश बिनभाराच्या रांगेत गेली. पिर्योचा चेहराच उतरला.

कुओपिओच्या त्या प्रयोगशाळेत तिने तीस वर्षं अशा चिठ्ठ्या काढल्या होत्या. गुडघे बदलताना काढून टाकलेली कूर्चा, हाडांच्या टोकांवरचं ते लवचिक अस्तर, इस्पितळातून डब्यात यायची. डब्यावर नाव नाही, फक्त नंबर. कूर्चेतल्या पेशी डिशमध्ये जगवायच्या, चिठ्ठीने ठरलेल्या निम्म्या डिश यंत्राखाली दाबायच्या, उरलेल्यांना बोटही लावायचं नाही. दाब पडला की पेशीच्या आवरणातलं एक इवलंसं दार उघडतं, कॅल्शियम आत घुसतं, आणि पेशी कामाला लागते. दाबच मिळाला नाही, तर बिचारी नुसती बसून राहते आणि हळूहळू आपलं काम विसरते.

"लाउरी, चौदा आणि नऊची अदलाबदल करूया का?" तिने हातमोजे चढवता चढवता सहज विचारल्यासारखं केलं.

तरुण संशोधक हसला. "चिठ्ठीत ढवळाढवळ करायची नाही, हे मला शिकवलं कुणी? तूच ना? का भूल अजून उतरली नाही?"

पिर्योचा उजवा गुडघा बदलून दीड महिना झाला होता. कुबडी टेबलाला टेकवलेली होती. चौदाच्या कागदावर त्याच दिवसाची तारीख होती, वय एकसष्ट, स्त्री, उजवा गुडघा. तिला तेवढं पुरलं होतं. पण नमुना कुणाचा हे कळलं की तो बाद, असा नियम होता. म्हणून आठवडाभर तिने तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं. गप्प राहिली तर त्या पेशी तशाच बसून वाळणार. बोलली तर आजच कचऱ्यात.

ती खुर्चीत बसली. "माझ्या आहेत त्या."

लाउरीचं हसू मावळलं. त्याने वही ओढली आणि चौदासमोर आडवी रेघ मारली. "टाकाव्या लागतील. तुला काय सांगायचं."

"टाक. पण आधी एकदा दाब दे. आता मोजायचं तर काही नाही ना?"

"मग कशाला?"

"कालेवी अंथरुणाला खिळला, तेव्हापासून नऊ वर्षं नवऱ्याला मीच उचललं. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून वाफेच्या साउनात. डॉक्टर म्हणतात, त्यातच गुडघा गेला. जाऊ दे की! वसंतात कालेवीही गेला. आता सकाळी उठते, तर उचलायला कुणी नाही. फार आठवण येते रे."

लाउरीने डिश यंत्राखाली सरकवली आणि पडदा तिच्याकडे वळवला. आत कॅल्शियम शिरलं की पेशी त्यावर हिरवी दिसायची.

"किती भार लावू?"

"अठ्ठ्याऐंशी किलो."

एवढ्या वजनाच्या माणसाला उचलताना गुडघ्यातल्या एवढ्याशा तुकड्यावर किती भार येत असेल, ते त्याने कागदावर काढलं आणि कळ दाबली. काळ्या पडद्यावर एक ठिपका उजळला. मग दुसरा, मग एकदम कितीतरी.

पिर्यो बराच वेळ बघत राहिली.

"आता थोडा कमी कर," ती म्हणाली. "दुसऱ्या वर्षी तो चार किलोंनी उतरला होता."