डावीकडे ओढणारी गाडी

"अजून डावीकडेच ओढतेय," ट्रकमधून उतरत आबा म्हणाले.

लेकीने हातातला पाना खाली ठेवला. तिने दोनदा अलाइनमेंट करून दिली होती. पुढची चाकं मापात होती, टायरांतली हवा सारखी होती. डावा ब्रेक धरून राहतोय की काय, म्हणून तिने चाक उचलून फिरवलं, तर ते अलगद फिरलं.

"आबा, राग मानू नका. गाडीत खोट नाही."

"मग माझ्या हातात असेल."

हेच तिच्या मनात होतं आणि हेच तिला नको होतं. आबांचा सगळा जन्म स्टिअरिंगवर गेलेला. घरात नुसते बसलेले आबा तिच्या डोळ्यांपुढे येईनात. पण ते शांतपणे म्हणाले, गाडी सरळ ठरली तर आजच मालकाला किल्ली देऊन टाकतो. रस्त्यावरच्या कुणाच्या जिवाशी खेळ नको.

तिने गॅरेजमधल्या मिस्त्रीकाकांना एक फेरी मारून यायला सांगितलं. गॅरेजचा नेम असा, की ज्याने चाकं जुळवली त्यानेच गाडी चालवून बघायची. पण गेल्या वर्षी तिच्या हातून ट्रक उलटला होता. देवाच्या दयेने कुणाला खरचटलंही नाही, तरी तेव्हापासून ती स्टिअरिंगवर बसली नव्हती; तिच्या वाट्याची फेरी काकाच मारत.

काका परतले ते मान हलवतच. "ओढते बुवा. हात सैल सोडला की निघाली डावीकडे."

तिचा जीव भांड्यात पडला. म्हणजे आबांचा हात शाबूत होता. पण मग खोट कुठे? तिने पुढचे दोन्ही टायर डावे-उजवे अदलून पाहिले. काका पुन्हा जाऊन आले, पुन्हा तेच. वर, तुझी मापं काय चंद्रावरची आहेत का, असंही विचारून झालं.

"उतरा काका," ती म्हणाली. "मीच बघते."

आबांनी शेजारी बसू का विचारलं. तिने नको म्हटलं. तुम्ही असलात की गाडीचं ऐकू येत नाही, तुमचंच ऐकावं लागतं.

सीटवर बसल्यावर ती जराशी थबकली. ओठ हलले, देवाचं नाव घेतलं असावं. मग गिअर पडला. ट्रक अडखळत फाटकाबाहेर गेला, रस्त्याला लागला, आणि पांढऱ्या पट्ट्याला धरून थेट वळणापर्यंत गेला. तसूभर इकडे नाही, तसूभर तिकडे नाही.

फाटकाशी उभ्या आबांनी डोळे पुसले. काका त्यांच्या शेजारी येऊन उभे राहिले.

"आता तरी सांगू का तिला, की गाडी एकदाही ओढली नव्हती?"

"इतक्यात नको," आबा म्हणाले. "अजून परत घेऊन यायचीय तिला."