पंडितच्या आवाजाची प्रत

१२ मार्च १९८९, रविवार, दुपारचे चार वाजून दहा मिनिटे. परभणीतल्या त्या खोलीत माणसे दोन. तंत्रशाळेतून निवृत्त झालेल्या दिनकररावांनी पंखा बंद केला आणि दाराला आतून कडी घातली. ध्वनिफितीची प्रत करताना त्यांची पद्धत हीच.

समोर पेडगावची सुलाबाई बसली होती. तिचा नवरा पंडित वारला होता. त्याचा आवाज एका जुन्या स्पूल टेपवर होता आणि ती टेप घरच्या कॅसेटयंत्रावर लागत नव्हती. फीत इतकी जीर्ण, की एकदाच वाजली असती.

"मी बोलले तर चालतंय का, सर?"

"खुशाल बोला. दोन यंत्रांमध्ये फक्त वायर आहे, माईक नाही. खोलीतला आवाज आत जात नाही."

"बरंय मग. ह्यांच्यापुढं बोलाया कधी गावलंच न्हाई. सारखं गाणंच!" ती हसली.

पंडितचे भीमगीत संपले, नुसती खरखर उरली आणि शेवटच्या फेऱ्याला फितीचे तुकडे झाले.

दिनकररावांनी कॅसेट तपासायला लावली. गीत नेमके उतरले होते. खरखरीच्या जागी मात्र पंडित हलक्या आवाजात बोलला.

"सुले, तुज्या मागं कोन बसलंय?"

तिच्यामागे भिंत होती. दिनकररावांचे बोट ते पुसण्यासाठी रेकॉर्डच्या बटणाकडे गेले.

"पुसू नगा, सर," मान न वळवता ती म्हणाली. "येवढाच आवाज राहिलाय त्यांचा."

त्यांनी यंत्र थांबवले, तिला श्वास रोखण्याची खूण केली आणि स्वतःचाही रोखला.

खोलीत चालू असलेले श्वास त्यांनी मोजले. एक.