दांड्यावरचं वजन

“साधे रॅम्प चालतील, काका?” दुकानदाराने विचारलं. “आजवर छोटा ट्रॅक्टर ट्रेलरवर कसा चढवायचात?” “फळ्या लावून.” “मग मागे भार पडून ट्रेलरचं तोंड वर नाही यायचं?” “ही बसायची ना पुढच्या दांड्यावर.” म्हातारा हसला. “म्हणायची, घरात माझ्या शब्दाला वजन नाही, इथे तरी पडू दे.” दुकानदारही हसला. “मग बसवा की काकूंना!” म्हातारा रॅम्पच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. “गेली ती. मागच्याच महिन्यात.” दुकानदाराने साधे रॅम्प बाजूला ठेवले आणि खाली पाय असलेली जोडी पुढे ओढली. “हे ट्रेलरला मागून टेकू देतात. एकट्या माणसाला हेच बरे.” घरी म्हाताऱ्याने ते रॅम्प लावून ट्रॅक्टर चढवला. ट्रेलर तसूभरही कलला नाही. इंजिन बंद करून सवयीने दांड्याकडे पाहत म्हणाला, “झालं गं, उतर आता.” स्वतः मात्र बसूनच राहिला.